कॉलेज कुठलं, हे शेवटी विचारा

नीटचा निकाल लागला की बेळगावच्या मराठी घरांत चार दिवस हळहळीत जातात आणि मग व्यवहार सुरू होतो. एमबीबीएस हुकलेलं असतं, मार्क अगदीच टाकाऊ नसतात. कुणीतरी मामा नाहीतर शेजारी म्हणतो, 'बीडीएसला घाला की ओ, डॉक्टर तर होईल.' बीडीएस म्हणजे दातांच्या डॉक्टरची पदवी. तिथून पुढं चर्चा एकाच गोष्टीवर येते, कॉलेज कुठलं. नेहरूनगरचं केएलई, की मराठा मंडळाचं, की धारवाडचं एसडीएम, की सांगली-कराडकडं कुठं जमतंय का बघायचं? सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडं टंचाई नाही. क्लासवाल्यापासून बँकेतल्या लोन ऑफिसरपर्यंत प्रत्येकाचं मत तयार असतं. मी दातांचा डॉक्टर म्हणून याच गावात बसतो, त्यामुळं हे आईबाप माझ्याकडंही येतात. काही जण तर दात दाखवायच्या निमित्तानं येतात आणि खुर्चीवरून उठताना खरा विषय काढतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पटत नसेल त्याचा वेळ जायला नको. कॉलेज कुठलं हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, हे पोर दहा वर्षांनी कुठं आणि कुणाचे दात बघत बसणार? दुसरा, तिथवर पोचेपर्यंत घरावर कर्ज किती चढणार? या दोन्हींची उत्तरं मिळाली की कॉलेजांची यादी आपोआप आखूड होते. आणि ज्याला बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या टापूतच दवाखाना टाकायचा आहे, त्यानं तर कॉलेजचं नाव, रँकिंग, ते कोणत्या राज्यात आहे हे सगळं बाजूला ठेवावं. स्वतःच्या हाताखालून जास्तीत जास्त रुग्ण कुठं जातील आणि कमीत कमी पैशांत पदवी कुठं पदरात पडेल, एवढंच त्यानं बघावं.

हे बोलायला सोपं, करायला अवघड, कारण आपल्याकडं प्रवेशाचे कागदच इतके गुंतागुंतीचे आहेत की त्यात ध्येयबिय कुठं हरवतं ते कळत नाही. बेळगावातल्या दोन कॉलेजांचंच घ्या. केएलईचं विश्वनाथ कत्ती दंत महाविद्यालय १९८५ सालचं. ते अभिमत विद्यापीठात येतं आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्राच्या एमसीसी, म्हणजे वैद्यकीय समुपदेशन समितीच्या, प्रवेशफेऱ्यांतून भरतात. मराठा मंडळाचं नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे, तिथं केईएमार्फत, म्हणजे कर्नाटकाच्या परीक्षा प्राधिकरणामार्फत, जावं लागतं. गाव एक, दारं दोन, शुल्काचे हिशेब पूर्ण वेगळे. केईएतून सरकारी कोट्याची जागा मिळाली तर लागणारा पैसा आणि अभिमत विद्यापीठाचं शुल्क यांच्यात इतकं अंतर असतं की दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघावेत. 'दोन्ही बेळगावातच आहेत, कुठंही मिळालं तर बरं' असं म्हणणारा बाप मला दरवर्षी भेटतो. त्याला हा फरक कळतो तोवर एका दाराची तारीख उलटून गेलेली असते.

महाराष्ट्राचं दार आणखी अरुंद. सीमाभागातला मुलगा भाषेनं आणि भावनेनं कुठलाही असो, प्रवेशअर्जावर तो कर्नाटकाचा असतो. दहावी-बारावी इकडं झालेल्याला महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यात जागा मिळत नाही. आपल्या भागापुरता अपवाद एकच. वादग्रस्त ८६५ गावांतल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारनं शासकीय कॉलेजांत काही मोजक्या जागा राखलेल्या आहेत. मिळाली तर सोन्याहून पिवळी, कारण मुंबईसारख्या ठिकाणी शासकीय कॉलेजात शुल्क कमी आणि रुग्णांना तोटा नाही. अर्ज अवश्य करावा. पण त्या भरवशावर केईएचा अर्ज न भरणारी घरंही मी पाहिली आहेत, आणि तिथं मला भावनेपेक्षा निष्काळजीपणा जास्त दिसतो. (नीटची प्रश्नपत्रिका मराठीतून हवी असेल तर केंद्रही महाराष्ट्रातलंच घ्यावं लागतं. बेळगावात बसून मराठी पेपर मिळत नाही, हेही पुष्कळांना आयत्या वेळी कळतं.) गोव्याचं बांबोळीचं सरकारी दंत महाविद्यालय आपल्या जवळ, पण बाहेरच्यांसाठी तिथं अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा. कर्नाटक सरकारची दंत महाविद्यालयं बेंगळुरू आणि बळ्ळारीला. बेळगाव-धारवाड पट्ट्यात एकही नाही, आणि कर्नाटकात चाळीसच्या वर दंत महाविद्यालयं असताना ते नाही, याबद्दल इथल्या एकाही आमदाराला, मग तो कुठल्याही भाषेचा असो, कधी घसा कोरडा करताना मी ऐकलेलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

बीडीएसची चार वर्षं आणि एक वर्षाची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे. दुसऱ्या वर्षी फँटम हेडवर, म्हणजे खुर्चीला जोडलेल्या प्लास्टिकच्या डोक्यावर, एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, चालवायला शिकायचं. माणूस हाताखाली येतो तो तिसऱ्या वर्षापासून. म्हणजे जिवंत तोंडात काम करण्यासाठी हातात जेमतेम तीन वर्षं. या तीन वर्षांत जे हाताला लागतं तेच पुढं आयुष्यभर पुरतं, कारण पदवी मिळाल्यावर दवाखान्यात शेजारी शिकवणाऱ्या मॅडम उभ्या नसतात. तिथं दाढेचं मूळ अर्ध्यात मोडलं तर ते आपलं आपणच काढायचं असतं, तेही रुग्णाच्या नवऱ्यादेखत.

आणि इथंच कॉलेजाकॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. विद्यापीठाच्या नियमानुसार प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक कामं पूर्ण करावी लागतात: इतके दात काढणं, इतकी सिमेंटं (किडलेले दात भरणं), इतक्या कवळ्या. पोरं त्याला 'कोटा' म्हणतात. जिथं रुग्ण कमी, तिथं कोट्यासाठी रुग्ण मिळवणं हाच विद्यार्थ्याचा उद्योग होऊन बसतो. पूर्ण कवळीचं काम घ्या. पहिलं माप घ्यायचं, त्यावर ट्रे बनवायचा, ग्रीन स्टिक नावाची कांडी तापवून ट्रेच्या कडा गालाओठांच्या हालचालीप्रमाणं वळवायच्या, मग दुसरं माप, मग चावा, मग मेणात दात बसवून ट्रायल, आणि शेवटी कवळी. शिवाय ती टोचते म्हणून घासून घ्यायला पुन्हा एक-दोन फेऱ्या. बोळकं तोंड असलेला आणि एवढ्यांदा यायला तयार असलेला माणूस आणायचा कुठून? मग पोरगं गावाकडच्या आजोबांना उभं करतं. नंदगडहून म्हातारा सकाळच्या बसनं येतो, अकरापर्यंत बाकावर बसतो, मॅडमची सही व्हायला दुपार होते, संध्याकाळी परत. तिसऱ्या खेपेला तो म्हणतो, 'बाळा, मला कवळी नको, भाकरी दुधात बुडवून खातो मी.' नातू पाया पडतो, कारण कोटा अडलेला असतो. आजोबा मिळाले तर बरं. काही ठिकाणी मुलं रुग्णाचं शुल्क आणि बसभाडं स्वतःच्या खिशातून भरतात. हे गुपित नाही. दंत महाविद्यालयात शिकलेल्या कुणालाही विचारा, तो आधी हसेल आणि मग त्याची स्वतःची हकिकत सांगेल.

म्हणून आईबापांना मी माहितीपत्रक घरी ठेवायला सांगतो. साध्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेनऊला ओपीडीत जाऊन बसा. केसपेपर काढायच्या खिडकीवर किती माणसं आहेत ते बघा. साडेअकराला एका विभागात फेरी मारा आणि किती खुर्च्यांवर माणूस आहे, किती रिकाम्या, ते मोजा. पांढरा कोट घातलेली पोरं काम करताहेत की भिंतीला टेकून मोबाइल बघताहेत? शक्य झालं तर शेवटच्या वर्षाच्या मुलाला चहाला घेऊन जा आणि एकच विचारा: दाढेची रूट कॅनल तू स्वतः, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, किती केल्यास? उत्तर यायला वेळ लागला, तर ते उत्तरच समजा.

यात एक मेख आहे आणि ती बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. 'आमच्याकडं नऊच्या नऊ शाखांत एमडीएस आहे' हे कॉलेजं मोठ्या अक्षरांत लिहितात, आणि बाप खूश होतो. पण एमडीएसची, बीडीएसनंतर पदव्युत्तर शिकणारी मुलं म्हणजे त्याच रुग्णांचे आणखी वाटेकरी. अवघड अक्कलदाढ त्यांच्याकडं जाते, दाढेची रूट कॅनल त्यांच्याकडं जाते, तारांची केस तर बीडीएसच्या मुलाला फक्त लांबून बघायला मिळते. त्याच्या वाट्याला स्केलिंग, म्हणजे दातांवरची कीट काढणं, आणि बारीकसारीक सिमेंट. रुग्णांची रीघ असेल तर सगळ्यांचं पोट भरतं आणि वर चांगल्या केस बघून शिकायलाही मिळतं. रीघ नसेल तर तीच मोठी नावं बीडीएसच्या पोराच्या मुळावर येतात. ज्याला साधा, सगळी कामं करणारा डेंटिस्ट व्हायचं आहे, त्याच्यासाठी कमी झगमगीत पण भरलेल्या ओपीडीचं कॉलेज केव्हाही सरस.

इथं दवाखाना टाकणाऱ्यासाठी जवळचं कॉलेज चांगलं असण्याचं आणखी एक कारण म्हणजे तोंडं इथलीच असतात. बेळगावच्या ओपीडीत चंदगडचा माणूस मराठीत बोलतो, बैलहोंगलची बाई कन्नडमध्ये, कॅम्पातला म्हातारा दखनीत. तीन वर्षं रोज 'आ करा' आणि 'बाय तेगीरी' म्हणून म्हणून पोराची जीभ वळते. पुण्याकडं पाच वर्षं काढून आलेला मुलगा परत येतो तेव्हा त्याची रूट कॅनल उत्तम असते, पण हुक्केरीच्या शेतकऱ्याला रात्री ठणका लागतो की गार पाण्यानं कळ येते, हे दोन वाक्यांत विचारायला त्याला कंपाउंडर लागतो. दवाखान्याच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवी असा २०२४ पासून कायदा आहे. त्यावर आपल्याकडं बोलायला माणसं पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. पण पाटीचं काहीही होवो, खुर्चीत बसलेल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलता आलं नाही तर तो दुसऱ्यांदा येत नाही, हे मात्र मी रोज बघतो. आणि हो, रुग्णानं मला कधीही विचारलेलं नाही की तुमचं कॉलेज कुठलं. दुखेल का आणि किती होतील, एवढंच विचारतात.

राहिला पैसा. अभिमत विद्यापीठाची किंवा व्यवस्थापन कोट्याची जागा घ्यायची म्हणून खानापूर तालुक्यातली जमीन काढायला निघालेल्या बापाला मी तोंडावर नको म्हणतो. त्याला राग येतो. पण बीडीएस झालेल्या पोराला दुसऱ्याच्या दवाखान्यात सुरुवातीला जो पगार मिळतो तो कळला तर त्याचा राग जाईल. स्वतःचा दवाखाना म्हणजे खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रेचं यंत्र, जागेचं डिपॉझिट, हा पुन्हा लाखांचा मामला. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असताना त्या लाखांसाठी दुसरं कर्ज उभं राहत नाही. मग पोरगं पाच-सात वर्षं इथं तिथं हाताखाली काम करत राहतं. माझा तर असा अनुभव आहे की डेंटिस्टचं पुढचं आयुष्य कॉलेजच्या नावापेक्षा कर्जाच्या आकड्यानं जास्त ठरतं. ज्याच्यावर हप्ता आहे, तो वाचू शकणारा दातही कॅप बसवण्यासाठी घासायला लवकर तयार होतो. हे माझ्या धंद्याबद्दलच बोलतोय, पण खरं ते खरं.

ध्येय वेगळं असेल तर हिशेबही वेगळा. समजा मुलीला तोंडाच्या शस्त्रक्रियेत जायचं आहे. धारवाडला एसडीएममध्ये फाटलेले ओठ आणि टाळू यांच्या शस्त्रक्रियांचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. असलं काम जवळून बघितलेल्या विद्यार्थ्याच्या मनात ती शाखा घट्ट बसते, मग त्यासाठी सव्वा-दीड तासावर राहावं लागलं तरी चालेल. गदग, बागलकोट, विजापूरकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडनं पिवळे-तपकिरी झालेले दात बघायचे तर त्या बाजूच्या शिबिरांना जावं लागतं. बेळगावच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, ते सहसा आढळत नाहीत.

मात्र आपल्या भागाचा खरा रोग म्हणजे तंबाखू, आणि याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. निपाणी हे तंबाखूचं गाव. १९८१ मध्ये भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, ते सगळ्यांना आठवतं. त्याच तंबाखूनं घराघरांतल्या तोंडांचं काय केलं, ते मात्र आमच्या खुर्चीवर दिसतं. खेड्यातली पन्नाशीची बाई येते, दातांच्या मुळाशी खाचा पडलेल्या असतात, हिरड्या काळपट, गालाच्या आत पांढरा चट्टा. केसपेपरवर लिहिण्यासाठी विचारावं, तंबाखू खाता का? 'छे ओ डॉक्टर, तंबाखू कशाला खाईन. मिश्री तेवढी लावते.' तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड ती दिवसातून तीनदा हिरड्यांवर चोळते आणि तिच्या लेखी ते दात घासणं असतं. तरुण पोरांचं वेगळं. गुटख्यावर महाराष्ट्रानं २०१२ मध्ये आणि कर्नाटकानं २०१३ मध्ये बंदी घातली, तेव्हापासून पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळते, मिसळायचं काम गिऱ्हाईक करतं. सुपारीनं गालाच्या आतलं मांस ताठर होत जातं. ज्या तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत त्यात एक मावत नाही. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा पाणीपुरी खाता येत नाही म्हणून येतो. हा सबम्यूकस फायब्रोसिस, आणि त्यातल्या काहींचा पुढं कर्करोग होतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलं आहे. आपल्याकडं ती अजून पूजेच्या ताटात आणि पाहुण्यापुढं असते.

हे सगळं ज्या शाखांत हाताळलं जातं, त्या म्हणजे ओरल मेडिसिन आणि पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री. एमडीएसच्या समुपदेशनात यांची काय अवस्था असते ते बघा. ऑर्थो (तारा), एन्डो (रूट कॅनल), प्रोस्थो (कवळ्या, कॅप), सर्जरी यांच्यावर उड्या, आणि पब्लिक हेल्थ शेवटच्या फेरीत उरलेली. कारण उघड आहे, तारा लावून पैसे मिळतात, मिश्री सोडवून मिळत नाहीत. पण ज्याला कॉलेजात शिकवायचं आहे, सरकारी कार्यक्रमांत किंवा संशोधनात जायचं आहे, त्याच्यासाठी याच शाखा आहेत आणि त्यांच्या अभ्यासाला निपाणी-चिकोडीसारखी भूमी शोधून सापडणार नाही. असं ध्येय असलेल्या मुलानं मात्र मोठ्या विद्यापीठाचा विचार जरूर करावा. तिथं प्रबंध लिहून घेणारे मार्गदर्शक असतात, शेजारी मोठं रुग्णालय असतं, पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा असते. माझा आग्रह सगळ्यांनी लहान कॉलेजात जावं असा मुळीच नाही.

एमडीएसचं म्हणाल तर प्रवेश नीट-एमडीएसच्या गुणांवर होतो, बीडीएसच्या कॉलेजच्या नावाला तिथं शून्य किंमत. तरी 'पुढं एमडीएस करायचं आहे म्हणून मोठ्या नावाचं कॉलेज' हा युक्तिवाद बेळगावात अढळ आहे. त्यापेक्षा विद्यापीठ परीक्षा वेळेवर घेतं का, इंटर्नशिप पात्रतेच्या तारखेआधी संपते का, हे विचारा. तारीख हुकली की वर्ष गेलं. आणि इंटर्नशिप क्लासच्या नादात घालवणाऱ्यांना काय सांगावं. ज्या एका वर्षात विद्यार्थी मोकळेपणानं हात चालवू शकतो, तेच वर्ष तो प्रश्नसंच सोडवण्यात घालवतो आणि पुढं दोन्हीकडून हुकतो.

परदेशाचं लवकर आटोपतो. अमेरिकेत आयएनबीडीई ही परीक्षा आणि त्यावर पुन्हा तिथल्या कॉलेजात दोन-तीन वर्षं, इंग्लंडमध्ये ओआरई ही परीक्षा, ऑस्ट्रेलियात एडीसीच्या परीक्षा, आखातात परवान्याची परीक्षा आणि अनुभव. बेळगाव, धारवाड की कराड, याला त्यांच्यालेखी फारसा अर्थ नाही. मार्कलिस्ट चांगली लागते, इंग्रजी लागतं आणि मुख्य म्हणजे पैसा लागतो, तेव्हा ज्याला जायचं आहे त्यानं बीडीएस जेवढं स्वस्तात होईल तेवढं करावं. लष्कराचंही तसंच. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावातल्या पोरांना आर्मी डेंटल कोअरची आठवण कुणी करून देत नाही याचं मला नवल वाटतं. तिथं शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी नीट-एमडीएसचे गुण बघून मुलाखतीला बोलावतात, कॉलेजचं नाव बघून नाही. कर्नाटकच्या सरकारी दवाखान्यात नोकरी हवी तर कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे, हे ध्येय दहावीतच ठरलं तर बरं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. 'अठरा वर्षांच्या पोराला दहा वर्षांनंतरचं काय कळतंय ओ?' कळत नाही, मान्य. मात्र मुलांपेक्षा मुलींच्या बाबतीत हा आक्षेप फार सोयीस्कर ठरतो. आजकाल बीडीएसच्या वर्गात मुलीच जास्त दिसतात. मराठी घरात मुलीसाठी कॉलेज निवडताना पहिली अट असते ती घरून येऊन-जाऊन करता यावं ही. म्हणजे इथं जवळचं कॉलेज निवडलं जातं ते रुग्ण बघून नव्हे, मुलीला घरी ठेवायचं म्हणून. मग तिचं लग्न कोल्हापूर-पुण्याकडं ठरतं, डेंटल कौन्सिलची नोंदणी कर्नाटकातून महाराष्ट्रात हलवावी लागते, नव्या गावात ओळख शून्य, आणि पाच वर्षांचं शिक्षण सासरच्या सोयीवर टांगलेलं. माझ्या माहितीतल्या किती मुली चांगल्या हाताच्या असून घरी बसल्या आहेत, हे सांगायला लागलो तर हा लेख दुसरीकडंच जाईल. ध्येय विचारायचं तर ते तिला विचारा, आणि लग्नाच्या बोलणीतही तेच पुढं ठेवा. तिला निपाणीत दवाखाना टाकायचा असेल तर स्थळ निपाणीच्या आसपास बघता येतं. मुलाच्या बाबतीत आपण तसंच करतो की.

यापलीकडं एक मागणी आहे आणि ती सगळ्यांनी मिळून करण्यासारखी आहे. आज ओपीडीत बसून खुर्च्या मोजायची वेळ पालकांवर येते, कारण कॉलेजं सांगत नाहीत. इमारत किती एकराची, वसतिगृहात वायफाय आहे का, नॅकची श्रेणी कुठली, केंद्राच्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये कितवा नंबर, हे सगळं छापतात. गेल्या वर्षी पास झालेल्या बीडीएसच्या एका मुलानं सरासरी किती दात काढले, किती रूट कॅनल केल्या, किती कवळ्या दिल्या, इंटर्नला दरमहा प्रत्यक्षात किती विद्यावेतन मिळालं, हे चार आकडे छापत नाहीत. २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. त्यात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी देशभर एकच अंतिम परीक्षा घेण्याची तरतूद आहे. ती सुरू झाली की निकाल कॉलेजनिहाय लोकांपुढं येतील अशी आशा धरायला हरकत नाही, पण लेखी परीक्षेतून हाताचं कौशल्य कळत नाही.

गावोगावच्या मराठी मंडळांनी आणि युवक संघटनांनी निकालानंतर ते जी करिअर मार्गदर्शन शिबिरं भरवतात, त्यांत हे चार आकडे कॉलेजच्या प्रतिनिधीला व्यासपीठावर उघड विचारावेत. सध्या तिथं प्रतिनिधी स्लाइड दाखवतो, नारळ-शाल घेतो आणि जातो. तो म्हणेल, असे आकडे गोळा करणं अवघड आहे. ते खोटं आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचं लॉगबुक विभागात जमा असतं आणि त्यातल्या प्रत्येक दातापुढं तारीख आणि कॉलेजच्याच शिक्षकाची सही असते.